माहेरची वाटी

रासकर बाई समोरच्या बाईशी बोलायला लागल्या की आधी तिच्या गळ्यात बघायच्या. मग कानात, मग नाकात, आणि सगळ्यात शेवटी, आठवण राहिलीच तर, तोंडाकडे. तळेगाव ढमढेरेच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. स्टाफरूममध्ये पिशवी ठेवते न ठेवते तोच एक उंच, सावळी, घट्ट अंबाड्याची बाई खुर्चीतून उठली, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, सरळ माझं मंगळसूत्र हातात घेतलं आणि त्याच्या दोन्ही वाट्या उलट्या करून बघितल्या.

"यातली माहेरची कुठली?"

मी गोंधळले. म्हटलं, "डावीकडची असेल."

"असेल म्हणजे? आईबापानं दिलेली वाटी ओळखता येत नाही? माहेर कुठलं?"

"केडगाव."

"आईला फोन करून विचार आणि उद्या सांग," असं म्हणून बाईंनी वाट्या सोडल्या, खडू उचलला आणि तासाला निघून गेल्या. मला असा संताप आला म्हणता! ही कोण टिकोजीराव लागून गेली? शेजारी बसलेले चित्रकलेचे सर हसायला लागले. "मनावर घेऊ नका हो. इतिहासाच्या रासकर बाई. सोन्याचं वेड आहे त्यांना. आणि गंमत बघा, स्वतःच्या अंगावर गुंजभर नाही."

ते मात्र खरं होतं. गळा मोकळा, हात मोकळे, कानाच्या भोकांत कडुनिंबाची काडीसुद्धा नाही. साधी सुती साडी, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, मनगटाला पुरुषी घड्याळ. नवरा तरुणपणीच गेलेला. एक मुलगी, ती लग्न होऊन दौंडला. घरची माळव्याची आणि फुलांची शेती दीर बघायचे, तिथून बाईंची पिशवी कधी शेवंतीनं तर कधी कोथिंबिरीनं भरून यायची. शाळेत त्यांच्याबद्दल दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, बाई विरक्त आहेत. दुसरा म्हणायचा, चिकट आहेत. मी बरीच वर्षं दुसऱ्या पक्षात होते, कारण चहाला बाई कधी बिस्किटं आणायच्या नाहीत आणि आमची मात्र खायच्या.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला फोन केलाच. माहेरची वाटी उजवीकडची होती. आई म्हणाली, "अगं कार्टे, तुला एवढंबी ठावं न्हाई? त्या वाटीपायी तुझ्या बापानं सोनाराकडं किती चकरा मारल्या!" दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, "लक्षात ठेव," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या डब्यातली भेंडी उचलली.

बाईंचं एक पेटंट वाक्य होतं. "हे कुणी ठरवलं?" प्रार्थनेला मुलींची रांग मागं का? मुख्याध्यापक म्हणाले, "पहिल्यापासून आहे, बाई." तर म्हणाल्या, "सर, इतिहासाच्या माणसाला पहिल्यापासून असं काही नसतं. कधीतरी कुणीतरी ठरवलेलं असतं. त्याचं नाव सांगा, मी त्याच्याशी बोलते." मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या सोमवारपासून एक आठवडा मुली पुढं, एक आठवडा मुलं पुढं, असं सुरू झालं. बाई भांडायच्या नाहीत. आवाज चढायचा नाही. फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या, समोरचा कंटाळून शरण येईपर्यंत.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बाईंचा सोन्याचा तास असायचा. अभ्यासक्रमात नव्हता, परीक्षेत नव्हता, पण आठवीपासून दहावीपर्यंतची पोरं त्याची वाट बघायची. मी ऑफ तास असला की मागच्या बाकावर जाऊन बसायचे. बाई जगाचा मोठा नकाशा टेबलावर आडवा पसरायच्या आणि पिशवीतून आपल्या शेतातला झेंडू काढायच्या. पाकळ्या मोकळ्या करून एकेका देशावर ठेवायच्या.

"हा इजिप्त. इथले लोक म्हणायचे, देवाचं अंग सोन्याचं असतं. म्हणून राजा मेला की त्याला सोन्याचा मुखवटा. कुणाकुणाच्या तोंडात सोन्याची जीभ ठेवायचे, मेल्यावर देवाशी बोलता यावं म्हणून. आपल्याकडं माणूस गेला की काय करतात?"

"तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा मणी, बाई!"

"बघा. ते कुठं, आपण कुठं, पण मेलेल्या माणसाला सोनं द्यावं हे दोघांनाही सुचलं." मग पाकळी पुढं सरकायची. काळ्या समुद्राच्या काठी, जिथं फार जुन्या थडग्यांत घडवलेलं सोनं सापडलं. रोम, जिथली माणसं आपल्या मिऱ्यांसाठी आणि मलमलीसाठी सोन्याची नाणी जहाजानं पाठवायची, आणि आपल्या बायका त्यांना भोकं पाडून गळ्यात घालायच्या. "तिकडं बोंबाबोंब, की आमचं सगळं सोनं हिंदुस्थानात चाललं. आणि इकडं बायका आरशात बघतायत!" पोरी खिदळायच्या. मग आफ्रिकेतला तो राजा, जो यात्रेला निघाला आणि वाटेत एवढं सोनं दान करत सुटला की कैरोच्या बाजारात सोन्याचा भावच पडला. "तुमच्या आयांना सांगा, असा राजा परत आला पाहिजे." मग पाकळी जेजुरीवर. "आपल्याकडं ज्याला सोनं परवडत नाही तो भंडारा उधळतो. हळदीनं गड पिवळा होतो आणि आपण म्हणतो सोन्याची जेजुरी. देवाला चालतं. भाव विचारत नाही तो."

शेवटची पाकळी दक्षिण अमेरिकेतल्या पेरूवर पडायची आणि तिथं बाईंचा आवाज बदलायचा. "इथले लोक सोन्याला सूर्याचा घाम म्हणायचे. बाजारात चालवत नव्हते ते, देवळात लावायचे. मग समुद्रापलीकडून माणसं आली. त्यांनी राजाला धरलं आणि सांगितलं, खोलीभर सोनं आण, सोडतो. लोकांनी देवळं उघडी करून खोली भरली. मूर्ती, भांडी, सोन्याची कणसं. त्यांनी ते सगळं आटवून विटा केल्या आणि राजालाही मारलं."

एकदा मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, दिलं होतं ना त्यांनी, मग का मारलं?" ती वैशाली, मूळची वरवंडची, इथं मामाकडं शिकायला राहिलेली. चापूनचोपून दोन वेण्या, डाव्या भुवईवर वण. तिच्या प्रश्नावर बाईंनी ती पाकळी उचलून हातात घेतली. मग म्हणाल्या, "ज्याचं काढून घ्यायचंय त्याला आधी सांगायचं असतं, की हे रीतीप्रमाणं चाललंय." मला तेव्हा ते उत्तर कळलं नाही. वैशालीलाही कळलं नसावं.

बाईंना सोन्याची हाव होती की काय, असं कुणाला वाटलं तर वाटो, पण त्यांना दागिना दिसायचा तो गोष्टीसकट. आठवीतल्या एका मुलीनं तासानंतर सांगितलं, की आमच्या आजीची पुतळ्यांची माळ आहे, ती आटवून ताईच्या लग्नाला नवं गंठण करणारेत. झालं! शाळा सुटल्यावर बाई तरातरा त्यांच्या वस्तीवर निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चल." मी का गेले देव जाणे. त्या "चल" म्हणाल्या की पाय निघायचेच.

आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं माळ आणून बाईंच्या हातात दिली. बाईंनी पर्समधून भिंग काढलं, हो, पर्समध्ये भिंग असायचं, आणि एकेक पुतळी निरखायला लागल्या. त्यातल्या एका झिजलेल्या पुतळीवर थांबल्या.

"आज्जी, बाकीच्या इथल्या सोनारानं घडवल्यात. पण ही बघा. ही व्हेनिस नावाच्या गावात पाडलेलं नाणं आहे. पाण्यात वसलेलं गाव. तिथले व्यापारी जहाजानं यायचे, त्यांच्याबरोबर ही आली. मग आपल्या सोनारांनी तिच्यासारख्याच बाकीच्या पाडल्या."

आजी म्हणाली, "आसंल. पर हे राम-सीता हायती. माझी सासू दसऱ्याला पुजायची. मी बी पुजते."

"तो तिथला राजा आहे आणि हा त्यांचा एक संत."

आजीचं तोंड एवढंसं झालं. हातातली शेंग तशीच राहिली. बाईंनी ते बघितलं आणि भिंग पटकन पर्समध्ये टाकलं. आजीच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज्जी, तिकडनं निघाली तवा ती दोघं कुणी का असंनात. तुमच्या सासूच्या गळ्यात आली तवापासनं राम-सीताच. तुम्ही पूजा करा." मग दारात उभ्या असलेल्या आजीच्या मुलाकडं वळून त्याला दम दिला, की आटवशील तर याद राख. मुलगा होय होय म्हणाला. माळ आटलीच. नवं गंठण झालं, लग्न झालं, आम्ही जेवून आलो. तेवढी ती एक झिजलेली पुतळी आजीनं लपवून ठेवली. बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली भेंडी खाताना म्हणाल्या, "एक तरी वाचली."

आता मूळ गोष्टीकडं येते, कारण बाईंची आठवण निघाली की मला ते भिंग नाही, गावाजवळच्या वेळ नदीचा घाटच आठवतो.

वैशाली पुढं बाईंच्याच भावकीत सून म्हणून आली. चुलत दिराचा मुलगा संदीप, शिक्रापूरजवळच्या कंपनीत कामाला. पोरगा गुणी. लग्नाच्या आधी दोन महिने ओव्हरटाइम करून त्यानं सासरकडची वाटी स्वतःच्या कमाईची केली होती आणि सगळ्या तळेगावाला ते सांगत फिरला होता. बाईंना तर वाटी दाखवायला शाळेत घेऊन आला. बाईंनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "वजनाला हलकी आहे. पण चांगली आहे." लग्नाला तीन वर्षं झाली नसतील, शिक्रापूरच्या चौकात सेकंड शिफ्टवरून येताना संदीपच्या गाडीला ट्रकनं उडवलं.

त्या दिवशी सगळाच गोंधळ. दवाखाना, पोलीस, पोस्टमार्टम. देह थेट स्मशानात नेला, त्यामुळं वैशालीच्या गळ्यातलं काढायचं राहून गेलं. भावकीतल्या मोठ्या आबांनी ठरवलं, दहाव्याला घाटावर काढू. आणि आमच्याकडं रीत अशी, की विधवेचं मंगळसूत्र सवाष्णीनं काढायचं नसतं. विधवेनंच काढायचं. भावकीतली सगळ्यात मोठी विधवा कोण? रासकर बाई.

नवव्या दिवशी आबा स्वतः शाळेत आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. "बाई, उद्या तुमालाच करायचं हाय. दुसरं कोन न्हाई."

"येते," बाई म्हणाल्या.

आबा गेले. माझं डोकं सणकलं. दोन दिवसांपूर्वी मी बाईंबरोबर वैशालीला भेटायला गेले होते. भिंतीला टेकून बसलेल्या त्या पोरीनं बाईंचा हात धरून एकच सांगितलं होतं, "बाई, माझं काढू देऊ नका. त्यानं घातलंय." दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं. आणि ह्या बाई "येते" म्हणतात! मी म्हटलं, "बाई, तुम्ही करणार हे? तुम्ही?"

त्या वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी येते म्हणाले. करते म्हणाले नाही. उद्या तू चल."

घाटावर ही गर्दी. आमच्या भागात दहावा म्हणजे मोठाच कार्यक्रम. माइक, सतरंज्या, प्रवचन, मग सोसायटीचे, पंचायतीचे सगळे श्रद्धांजली वाहायला एकामागून एक. त्यातल्या निम्म्यांना संदीपचं आडनाव सोडून काही माहीत नव्हतं. बायका एका बाजूला बसलेल्या. मधोमध वैशाली, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी मंगळसूत्र मुठीत धरलेलं. तिचे वडील, वरवंडचे तात्या, समोर पुरुषांत खाली मान घालून बसलेले. पिंड ठेवले. आणि कावळा काही शिवेना. पिंपळावर पाच-सहा बसले होते, एक खाली यायचा, बघायचा आणि परत फांदीवर. ऊन चढायला लागलं. लोक चुळबुळ करायला लागले. माणसं संदीपला एकेक वचन द्यायला लागली. तुझ्या आईला बघू, तुझी गाडी विकणार न्हाई, धाकट्याचं शिक्षण करू. कावळा ढिम्म.

मग कुणीतरी म्हणालं, "बायकूच्या गळ्यात आजून लेणं हाय. ते काढल्याबिगर कसा शिवंल?"

सगळ्यांची तोंडं बायकांकडं वळली. आबा म्हणाले, "बाई, घ्या उरकून."

रासकर बाई उठल्या. त्या वैशालीसमोर जाऊन मांडी घालून बसल्या. तिच्या मुठी हळूच सोडवल्या आणि दोन्ही वाट्या बोटांत धरल्या. वैशालीनं डोळे मिटून घेतले होते.

"वैशाली," बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज. "ही कुठली?"

पोरीनं डोळे उघडले. "सासरची."

"आणि ही?"

"माहेरची, बाई."

"बरोबर." बाई तशाच बसून पुरुषांकडं वळल्या. "सासरची वाटी घालणारा गेला. माहेरची घालणारा हा इथं बसलाय. तात्या, तुमचा जावई गेला. तुमचं आणि पोरीचं नातं गेलं का?"

तात्यांनी मान वर केली.

"ही वाटी तुम्ही दिलीय. मी काढून तुमच्या हातात देते. घेता? या, घ्या."

तात्या एकदम हमसून रडायला लागले. "न्हाई ओ बाई! माझ्या हातानं दिल्यालं मी कसं घिऊ?"

"बाई!" आबांनी काठी आपटली. "ही रीत हाय. आपल्या वाडवडलांपास्नं हाय."

"हे कुणी ठरवलं, आबा?"

"कुनी म्हंजी? समद्यांनीच."

"मी सगळ्या जगाचा इतिहास वाचला. मेलेल्याला सोनं देणारे देश बघितले. मुखवटे दिले, जिभा दिल्या, थडगी भरली. जिवंत बाईच्या गळ्यातलं मेलेल्याच्या नावानं ओरबाडायचं, हे आपणच. संदीपनं मागितलंय का? त्याला सोनं पाहिजे होतं तर तो करून ठेवून गेला असता. त्यानं केलं ते हिच्यासाठी."

तेवढ्यात संदीपची आई, लीलाअक्का, ताडकन उठली. गेले दहा दिवस ती रडून रडून संपली होती. केस सुटलेले, आवाज चिरका. "माझा ल्योक ग्येला, आन् तुमाला सोन्याची पडलीया? शाळा हाय का ही तुमची?"

"व्हय अक्का, सोन्याचीच पडलीय," बाई म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटलेला ऐकला. "मालक गेले तवा मला बी असंच बसवलं होतं. तुमीच माझे हात धरले होते, आठवतं? माझ्या आईनं दिलेली वाटी निघाली. मी मुकाट्यानं बसले. आन् रात्री सासूबाईंच्या डब्यातनं ती वाटी चोरली."

एवढं बोलून त्यांनी ब्लाउजच्या गळ्यात हात घातला आणि आतून एक काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला एकच वाटी. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी त्या बाईशेजारी रोज जेवत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

"माझ्या आईची वाटी, आणि मी चोरासारखी घालते. पोरांना सगळ्या जगाचं सोनं शिकवते आणि स्वतःचं झाकते. माझं झालं ते झालं. हिचं नाही होऊ देणार. अक्का, ही दुसरी वाटी बघा. दोन महिने डबल शिफ्ट केली पोरानं. वैशाली, मी काय शिकवलं होतं तुला, तिकडचे लोक सोन्याला काय म्हणायचे?"

वैशालीनं वाटीकडं बघितलं. "सूर्याचा घाम."

"हा तुमच्या लेकाचा घाम आहे, अक्का. आता तुम्हीच सांगा. आटवायचा?"

लीलाअक्का पुढं आली. सुनेसमोर बसली. तिनं ती हलकी वाटी मुठीत धरली आणि घट्ट आवळली. मला वाटलं आता हिसडा मारते. बाईंनी हात पुढं केला, पण अडवलं नाही. अक्का तशीच, मूठ सुनेच्या छातीशी धरून, किती तरी वेळ बसली. मग तिनं वाटी सोडली, सुनेचा पदर त्यावर सारखा केला आणि पिंडांकडं तोंड करून, त्या चिरक्या आवाजात, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "संदीपाऽ, तुझं हाय ते हिच्यापाशीच ऱ्हाईल रं! तुझी आई सांगतीया!"

आणि कावळा शिवला. खोटं सांगत नाही. एक नाही, तीन उतरले.

बायका रडल्या, पुरुषांनी हात जोडले, आबा टोपी काढून उभे राहिले. परतताना मी बाईंना म्हटलं, "बाई, बघितलंत? त्याचा जीव त्यातच अडकला होता."

बाई म्हणाल्या, "कावळ्यांना भूक लागली होती. ऊन केवढं झालं होतं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "पण अक्काला तसं वाटतंय तर वाटू दे."

गावानं त्यांना एकदम डोक्यावर घेतलं असं काही नाही. दोन घरांनी बाईंना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं, तसंही ते फार बोलावत नव्हते. एकानं तर मुख्याध्यापकांकडं तक्रार केली, की बाई पोरांना भलतंसलतं शिकवतात. मुख्याध्यापक म्हणाले, "त्यांच्याशी तुम्हीच बोला, मला झेपत नाही." आबा मात्र बाई दिसल्या की राम राम घालायला लागले. स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या सरांनी एकदा भीत भीत विचारलं, "बाई, आत्तापर्यंत झाकून का ठेवलंत?" बाई म्हणाल्या, "भीती वाटायची." एवढंच. मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी भेंडीचा वेगळा डबा आणला तो त्याच आठवड्यात. चिकटपणाच्या पक्षातून तर मी केव्हाच बाहेर पडले होते.

मग बोलावणी यायला लागली. आधी शेजारच्या वस्तीवरून, मग न्हावऱ्याहून, मग नदीपलीकडून. कुणाची मुलगी, कुणाची बहीण. घरच्यांनी सांगून ऐकणारी माणसं नसतात, सोनारानंच कान टोचावे लागतात, म्हणून लोक बाईंना न्यायचे. सगळीकडं जमलं नाही. एका गावात तर बाई पोचायच्या आधीच उरकलं होतं. त्या दिवशी आल्या त्या थेट शेतात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत झेंडू खुडत बसल्या. पण ज्या दिवशी जमायचं त्या दिवशी सोन्याच्या तासाला एक पाकळी जादा पडायची. इजिप्त, रोम, पेरू झाले की बाई म्हणायच्या, "आणि ही पाकळी इथं," आणि भीमेच्या काठावर कुठंतरी ती ठेवायच्या. पोरांना कारण सांगायच्या नाहीत.

बाई निवृत्त झाल्या. माझीही बदली होऊन मी केडगावजवळ आले. भेटी कमी झाल्या.

परवा चौफुल्याला दौंडच्या गाडीची वाट बघत उभी होते. शिरूरकडून आलेल्या जीपमधून बाई उतरल्या. अंबाडा पूर्ण पांढरा, हातात काठी. मागोमाग वैशाली उतरली. ती आता कंपनीत कामाला होती, अंगावर युनिफॉर्म तसाच, गळ्यात तेच मंगळसूत्र. रात्रपाळी संपवून थेट आली होती. मी धावत गेले. बाईंनी आधी माझा गळा बघितला.

"माहेरची कुठली?"

"उजवी, बाई."

"बरं आहे. आम्ही वरवंडला निघालोय. तात्यांच्या शेजारचा पोरगा गेला. दहावा आहे. बायको एकवीस-बावीसची आहे."

"बाई, गुडघे दुखतात ना तुमचे? फोनवर नाही का सांगता येणार?"

"फोनवर वाटी दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या आणि समोर लागलेल्या जीपकडं निघाल्या. जीप खच्चून भरलेली. वैशालीनं त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर चढवलं. तिथला माणूस कुरकुरला, बाई म्हणाल्या, "सरक की. मोठा झालास का?" तो सरकला. ड्रायव्हर पोरगं विशीतलं, कानात इअरफोन. त्यानं चावी फिरवली, बाजूला बघितलं आणि त्याला बाईंच्या छातीवर, साडीच्या वर, काळ्या दोऱ्यातली ती वाटी दिसली.

"आज्जी, सोनं आत घाला," तो काळजीनं म्हणाला. "रस्त्यात लय चोरटे हायेत."

बाईंनी पदर सारखा केला, वाटी होती तशीच राहू दिली आणि समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "लय वर्षं आतच होती, बाळा. आता बाहेर राहू दे. चल, उशीर होतोय."